तिसऱ्याची नजर : पनवेलची लक्षवेधी आणि मराठी समीक्षेचे दुर्लक्ष

मराठी समीक्षाव्यवहारात ‘नजर’ ही संज्ञा आता इतकी स्थिरावली आहे की तिचा अर्थ विचारणेही उद्धटपणाचे वाटावे. कथा, कविता, चित्रपट, जाहिरात, लावणी, संहिता कोणतीही असो, तीत कोणीतरी पाहणारा असतो आणि कोणीतरी पाहिले जाणारे असते. पाहणारा सत्तावान ठरतो, पाहिले जाणारे सत्ताहीन ठरते, आणि निबंध संपतो. चर्चासत्रांमधून वाचल्या जाणाऱ्या निबंधांचा एक मोठा वर्ग या एवढ्याशा समीकरणावर गुजराण करीत आहे. हे समीकरण खोटे आहे असा येथे दावा नाही. ते अपुरे आहे. आणि या अपुरेपणाचा लाभ ज्याला मिळतो तो समीक्षक स्वतः आहे, हे अधिक गंभीर आहे.

या समीकरणाच्या मुळाशी असलेले गृहीतक असे की नजर ही दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा असते. एका टोकाला डोळा, दुसऱ्या टोकाला देह. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र माणूस एखाद्या वस्तूकडे पाहतो तेव्हा बहुधा त्याआधी तो दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहून चुकलेला असतो. तो दुसरा जिकडे पाहतो तिकडे याची दृष्टी वळते. पाहण्याची घटना दोन बिंदूंची नसून तीन बिंदूंची आहे. मराठी भाषेला हे ठाऊक आहे. रस्त्यावर अपघात झाला की ‘बघे’ जमतात.  ‘देखादेखी’ या शब्दात तर पाहण्याची क्रिया दोनदा उच्चारली जाते आणि अर्थ निघतो अनुकरणाचा. ज्या भाषेने एवढे नोंदवून ठेवले आहे त्या भाषेतील समीक्षेने दोन बिंदूंवर समाधान मानावे, हे नवल आहे.

परंपरेच्या अभिमान्यांनी यावर लगेच उत्साहित होण्याचे कारण नाही. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात छत्तीस दृष्टी वर्णिल्या आहेत, हे खरे; पण ते नटाच्या डोळ्यांतील भावाचे वर्गीकरण आहे, प्रेक्षकाच्या डोळ्याला कोण वळवतो याचा तो सिद्धान्त नव्हे. ‘अभिनयदर्पणा’तील हात, दृष्टी, मन, भाव आणि रस यांची सुप्रसिद्ध साखळी याच्या अधिक जवळ जाते, कारण तेथे नर्तकीची दृष्टी तिच्या हातामागे जाते आणि मन दृष्टीमागे. तरीही ती साखळी रंगमंचावरच पूर्ण होते. सभागृहात एक प्रेक्षक दुसऱ्या प्रेक्षकाकडे पाहतो, याला तेथे स्थान नाही. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ ही घोषणा येथे उपयोगी पडत नाही.

पाश्चात्त्य उगमाकडे वळावे तर तेथेही गोष्ट उद्धृतांमधून दिसते तेवढी सपाट नाही. सार्त्रच्या १९४३ च्या ग्रंथातील किल्लीच्या भोकातून डोकावणारा माणूस सर्वांना माहीत असतो. मागे पावले वाजतात, आणि पाहणारा एकाएकी पाहिला गेलेला होतो. या दृष्टान्तात वस्तुतः तीन स्थाने आहेत : डोकावणारा, मागून येणारा आणि दाराआड जे काही आहे ते. तिसऱ्या स्थानाविषयी सार्त्रला कुतूहल नाही. मागून आलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार बहुधा ‘हा निर्लज्ज आहे’ असा येणार नाही. ‘हा काय बघतो आहे?’ असाच येईल, आणि संधी मिळाली तर तोही वाकून पाहील. लॉरा मल्व्हीने १९७५ च्या निबंधात कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे पाहण्याची अशा तीन नजरा मोजल्या होत्या. नायकाच्या नजरेवर स्वार होऊन प्रेक्षक नायिकेकडे पाहतो, हा तिचा युक्तिवाद तीन बिंदूंचाच आहे. मराठीत येता येता त्याचा ‘पुरुषी नजर’ नावाचा शिक्का झाला, हा दोष मल्व्हीचा नव्हे. तिच्याशी मतभेद आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. प्रेक्षक नायकाची नजर स्वीकारतो तो तादात्म्यामुळे, आणि तादात्म्यामागे वासना असते, असे ती मानते. म्हणजे ज्याला वासना नाही, जो नायकाशी एकरूप होत नाही, तो या साखळीतून मोकळा राहतो.

हा मोकळेपणाच खोटा आहे. ज्या १९७५ साली मल्व्हीचा निबंध आणि फूकोचा तुरुंगाच्या जन्मावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात मायकेल स्केफ आणि जेरोम ब्रूनर यांचा एक छोटा लेख आला होता. मोठे माणूस डोके वळवून ज्या दिशेस पाहते त्या दिशेस तान्ही मुलेही पाहू लागतात, असे त्यांनी दाखविले. समीक्षेने त्या वर्षातील दोन ग्रंथकर्ते उचलले आणि तिसरा लेख मानसशास्त्राच्या विभागाकडे सोडून दिला. १९९८ मध्ये फ्रीझन आणि किंगस्टोन यांनी प्रौढांवर प्रयोग केला : पडद्यावर रेषांनी काढलेला साधा चेहरा, त्याची बुबुळे कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. त्या बुबुळांवरून पुढे काय कोठे येणार हे मुळीच कळत नाही, असे आधी सांगूनही बुबुळांच्या दिशेस आलेली खूण पाहणाऱ्यांना लवकर दिसली. पुढील वर्षी ड्रायव्हर व सहकाऱ्यांनी याहून कडक अट घातली. चेहरा जिकडे पाहतो त्याच्या विरुद्ध बाजूस खूण येण्याची शक्यता चौपट आहे, हे पाहणाऱ्यांना ठाऊक होते. तरीही पहिल्या सुमारे तृतीयांश सेकंदात त्यांचे अवधान चेहऱ्याच्या दिशेसच ओढले गेले. अवधी वाढला की हा ओढा ओसरतो, आणि बाणाच्या खुणेनेही असाच परिणाम साधता येतो, म्हणून डोळ्यांत काही गूढ शक्ती आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे : दुसऱ्याच्या नजरेमागे जाण्यासाठी त्याच्यावर प्रेम असावे लागत नाही, विश्वास असावा लागत नाही, तो माणूस असावा असेही नाही. तादात्म्य नंतर येते. मान आधी वळते.

आणि समूहात ती अधिक वळते. १९६९ मध्ये मिलग्रॅम, बिकमन आणि बर्कोवित्झ यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सहाव्या मजल्यावरील एका खिडकीकडे पाहत उभी राहणारी माणसे नेमली. एकच माणूस वर पाहत असता येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी वर पाहिले. पंधरा असता ८६ टक्क्यांनी. थबकून उभे राहणाऱ्यांचे प्रमाण ४ वरून ४० टक्क्यांवर गेले. खिडकीत पाहण्यासारखे काही नव्हते.

यावर ‘हे प्रयोगशाळेचे झाले, संस्कृतीचे काय?’ असा प्रश्न होणे योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. पनवेलपर्यंत गेले तरी चालते. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो, एक पुण्याकडे जातो आणि एक गोव्याकडे. या दोन महामार्गांच्या आश्रयाने १९९० नंतर डान्स बार फोफावले. मार्च २००५ मध्ये पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी त्याविषयी विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडली, तत्कालीन उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीचा निर्णय जाहीर केला, आणि त्यातून जो कायदा, जे खटले आणि जो वाद निर्माण झाला तो चौदा वर्षे चालला. मराठीतील सांस्कृतिक चर्चेने या वादाला ‘पुरुषी नजर’ विरुद्ध ‘स्त्रीचे कर्तृत्व’ अशा दोन खणांत बसवून टाकले. बारच्या आतील दृश्यरचना मात्र या खणांत बसत नाही.

त्या रचनेकडे पाहावे. भिंतीलगत बैठका, मध्ये मोकळी जमीन, भिंतींवर आरसे. नर्तकी मध्यभागी. म्हणजे कोणत्याही ग्राहकाच्या दृष्टिरेषेत नर्तकीच्या पलीकडे समोरच्या भिंतीलगत बसलेला दुसरा ग्राहक असतोच, आणि तो नसेल तेथे आरशात स्वतःचीच रांग दिसते. देह पाहणे हाच हेतू असता तर ही मांडणी गैरसोयीची आहे. एकमेकांचे पाहणे पाहायचे असेल तर याहून सोयीची मांडणी नाही. आता नोटांचा विचार करावा. पाचशेची एक नोट देणे आणि दहाच्या पन्नास नोटा उधळणे यांत नर्तकीच्या पदरी पडणारी रक्कम एकच. फरक पडतो तो वेळेचा. पन्नास नोटा बराच वेळ खाली येत राहतात, आणि तेवढा वेळ खोलीतील सर्व माना उधळणाऱ्याकडे वळलेल्या असतात. तमाशातील दौलतजादेला हे गणित पूर्वीच साधले होते. पैसे देणाऱ्याचे नाव तेथे मंचावरून पुकारले जाई, आणि क्षणभर फडाची दृष्टी नाचणारीवरून सुटून प्रेक्षकांतील एका फेट्यावर जाऊन बसे. नर्तकी येथे निमित्त आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कष्ट तिचेच आहेत. पण ग्राहकाच्या नजरेचे अंतिम ठिकाण ती नाही. कोणाकडे पाहण्यासारखे आहे, हे एका ग्राहकाला दुसऱ्या ग्राहकाच्या डोळ्यांतून कळते, आणि मत्सर, चढाओढ, उधळण हे सारे त्या आडव्या रेषेवर घडते. दोन बिंदूंच्या सिद्धान्ताला ही आडवी रेषा दिसत नाही.

विधानसभेला ती दिसली होती का? ‘लक्षवेधी सूचना’ या संसदीय संज्ञेकडे आजवर कोणा चिन्हमीमांसकाने वळून पाहू नये याची खंत वाटते. एक सदस्य उभा राहतो, बोट दाखवितो, आणि सभागृह तिकडे पाहते. बाण कोणीकडे रोखायचा हे त्याच्या हाती असते. एकदा रोखला की विरोधकसुद्धा त्याच दिशेने पाहतात. रायगड जिल्ह्यातील बारच्या प्रश्नात पाहण्यासारखे पुष्कळ होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोसाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्याचे फळ म्हणून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. १९९० नंतर ती राबविली जाऊ लागली आणि शेती करणाऱ्या घरांत एकाएकी भूखंडांचा पैसा आला. हा पैसा बारमध्ये उधळला जातो, तरुण पिढी बिघडते, हा त्या काळच्या चर्चेतील नेहमीचा मुद्दा. म्हणजे प्रश्नाच्या एका टोकाला नर्तकी होती आणि दुसऱ्या टोकाला शेती गेलेल्या, रोख रक्कम आलेल्या आणि पुढे काय करावे हे न सुचणाऱ्या तरुणांची एक पिढी होती. लक्ष वेधले गेले ते नर्तकीकडे. पाहण्या झाल्या त्या मुख्यतः नर्तकींच्या. न्यायालयात फिरत राहिला तो ७५,००० चा आकडाही नर्तकींचाच. ग्राहक किती, कोणत्या गावचे, कोणत्या भूखंडाचे, याची मोजदाद करावी असे कोणाला सुचले नाही.

याच जागी बंदीच्या विरोधकांचाही हिशेब मांडला पाहिजे. महाराष्ट्रातील स्त्रीवादी संघटना या प्रश्नावर दुभंगल्या, हे सर्वज्ञात आहे. एका बाजूने तिला बळी म्हटले, दुसऱ्या बाजूने श्रमिक म्हटले. दुसरी बाजू अधिक न्याय्य होती, आणि बंदीनंतर ज्यांची चूल विझली त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य तिने दाखविले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दोन्ही बाजू पाहत होत्या एकाच चेहऱ्याकडे, कारण बोट तिकडे दाखविले गेले होते. ड्रायव्हरच्या प्रयोगातील माणसांना चेहरा दिशाभूल करतो हे ठाऊक असूनही त्यांची दृष्टी तिकडे गेली. येथे तर दिशाभूल असल्याची शंकाही उशिरा आली. समीना दलवाई यांच्या २०१९ च्या इंग्रजी पुस्तकाने वादाची मान थोडी फिरविली आणि बारनर्तकींच्या जातींचा, नाचणे हा ज्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय ठरविला गेला त्या समूहांचा प्रश्न मध्यभागी आणला. साहित्यसमीक्षेने अशा कामापासून शिकायला हवे होते. तिने ‘नजर’ या शब्दाची तळटीप वाढविली.

कायद्याची संहिता तर या दृष्टीने वाचण्यासारखीच आहे. २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियमात ३३अ आणि ३३ब ही कलमे घातली गेली. पहिल्याने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधील नृत्यावर बंदी आणली. दुसऱ्याने नाट्यगृहे, क्लब, जिमखाने आणि तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेले यांना त्यातून वगळले. नृत्य तेच, गाणे तेच, कदाचित नर्तकीही तीच. बदलतो तो पाहणारा. अश्लीलता नृत्यात असते असे कायदा तोंडाने म्हणतो, आणि ती पाहणाऱ्यांच्या वर्गात असते असे त्याची अपवादसूची म्हणते. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही विसंगती ओळखून कलमे रद्द केली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अपवादच काढून टाकला आणि सर्वत्र बंदी घातली. विसंगती दूर करण्याची ही तऱ्हा एखाद्या संरचनावाद्यालाही लाजवील. त्या बंदीला २०१५ मध्ये स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये नवा कायदा झाला.

एक आक्षेप येथे अपेक्षित आहे : कायदा आणि बार हे समाजशास्त्राचे विषय, साहित्यसमीक्षेला त्यांतून काय मिळणार? कथनमीमांसेच्या उदाहरणाने उत्तर देता येईल. जेनेतने १९७२ मध्ये ‘कोण बोलतो’ आणि ‘कोण पाहतो’ हे दोन प्रश्न वेगळे केले. मराठीत ‘दृष्टिकोन’ या ऐसपैस शब्दाखाली ते पुन्हा एकत्र झाले, तो भाग निराळा. पण ‘कोण पाहतो’ याच्याही पुढे ‘पाहणारा कोणाचे पाहणे पाहतो’ हा प्रश्न उरतोच. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मधील (२०१३) डुक्कर पकडण्याच्या प्रदीर्घ दृश्याविषयी ‘सवर्ण नजर’ दलित मुलाला वस्तू बनविते, असे वाचन करता येते आणि ते चूकही नाही. मात्र त्या दृश्याचे चलन ज्यावर फिरते ते याहून बारीक आहे. जब्याचे अवधान डुकरावर नाही. शाळेतली मुले बघत आहेत का, आणि त्यांत शालू आहे का, इकडे ते आहे. बाप डुकराकडे पाहतो, मुलगा बघ्यांकडे पाहतो, म्हणून डुक्कर निसटते, म्हणून बाप संतापतो, म्हणून बघे अधिक हसतात. प्रेक्षक यांपैकी कोणाच्या डोळ्यांमागे जातो? आधी जब्याच्या; आणि त्याच्यामागे जाता जाता नकळत बघ्यांच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो. अखेरचा दगड चित्रपटगृहाच्या दिशेने येतो तेव्हा त्याचा नेम अचूक असतो, कारण तोवर प्रेक्षक कुंपणाशी पोचलेला असतो. दोन बिंदूंच्या सिद्धान्ताने या दगडाचे स्पष्टीकरण करायचे तर प्रेक्षकाला आधीपासूनच अपराधी मानावे लागते. तीन बिंदूंनी पाहिले तर तो तेथे कसा नेला गेला, पावलापावलाने दिसते. समीक्षेचे काम दुसरे आहे. पहिले काम सरकारी वकिलाचे.

आणि समीक्षक कुंपणाच्या कोणत्या बाजूला असतो? नजरेवरील मराठी लेखन ज्या निश्चिंतपणे ‘पाहणाऱ्या’विषयी तृतीय पुरुषात बोलते त्यावरून तो कोठेच नसतो, असे वाटावे. विद्यार्थ्याने कोणत्या संहितेकडे पाहावे हे त्याला प्राध्यापकाच्या डोळ्यांवरून कळते, प्राध्यापकाला परदेशी ग्रंथाच्या विषयसूचीवरून. आणि पंधरा जण वर पाहत असता सोळावा खिडकीत काय आहे हे तपासत बसत नाही. गेल्या काही दशकांत एकाच कादंबरीवर दहा प्रबंध आणि शेजारच्या कादंबरीवर एकही नाही, ही स्थिती ज्या विभागांत दिसते, तेथे गुणवत्तेच्या निकषांवर चर्चा करण्याआधी मानांच्या दिशा मोजाव्यात.

२०१६ च्या कायद्याविषयीच्या निकालाकडे या संदर्भात पुन्हा जाणे इष्ट ठरेल. परवान्याच्या अटींमधून शासनाने मंच आणि ग्राहक यांच्यात पाच फुटांचे अंतर मागितले होते, कठडा मागितला होता, आणि बारमध्ये कॅमेरेही मागितले होते. नर्तकीला नजरेपासून वाचविण्यासाठी तिच्यावर आणखी एक नजर बसविण्याचा हा उपाय. फूकोच्या वाचकांना येथे सुग्रास भोजन आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी कॅमेऱ्यांची सक्ती खासगीपणाचा भंग म्हणून रद्द केली. मद्यकक्ष आणि नृत्यकक्ष यांमधील भिंतीची अट रद्द केली, बक्षिशी बिलातच मिळवावी ही अटही रद्द केली. एक गोष्ट मात्र न्यायालयाने ठेवली : बक्षिशी नर्तकीच्या हातात देता येईल, पण पैसे उधळता येणार नाहीत. कारण दिले गेले ते प्रतिष्ठेचे, आणि ते योग्यच आहे. पण देणे आणि उधळणे यांतील फरक नर्तकीच्या मिळकतीत नसतो. तो समोरच्या भिंतीलगत बसलेल्या माणसासाठी असतो. चौदा वर्षांच्या त्या साऱ्या संहितेत त्या माणसाची दखल एवढ्या एका अटीत घेतली गेली, तीही त्याचे नाव न घेता.